वाकडा क्रूस

फणसवाडीत, पिठाच्या गिरणीला लागून,
रेवणकरांचा मुकुटांचा कारखाना.
कारखाना म्हणजे दहा बाय बारा, दोन पंखे, त्यातला एक चालणारा.
मी खडे चिकटवते.
वर सुतळीला टांगलेले रावण, कंस, भाड्यावरून न परतणारे दोन विक्रमादित्य
(त्यांच्या नुसत्या सुतळ्या),
खाली पाटावर गणपतींचे, मापाप्रमाणे.
अच्युतकाका म्हणतात, नटाचा हलका हवा,
मूर्तीचा जड चालतो, मूर्तीची मान दुखत नाही.

ती आली भर दुपारी, घामानं गुलाबी झालेली.
नाव सांगितलं: कोवाच पिरोश्का.
आडनाव आधी, नाव मागून,
आमच्या म्युनिसिपल शाळेच्या हजेरीसारखं.
कोवाच म्हणजे काय, काकांनी विचारलं.
लोहार, ती म्हणाली.
काका सोनार. त्यांनी स्टूल पुसून पुढं केलं.

हंगेरीचा मुकुट हवा होता तिला, कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी.
फोटो दाखवले: सोन्याच्या पट्टीवर मिनाकारी,
कानांशी लोंबणाऱ्या साखळ्या, माथ्यावर क्रूस.
पुस्तकी हिंदीत सांगत राहिली,
आमच्याकडे राजाचा मुकुट नसतो,
मुकुटाचा राजा असतो.
हा डोक्यावर चढला नाही तर राज्याभिषेक झालाच नाही.
एकाला म्हणे तीनदा बसावं लागलं,
पहिल्या दोन वेळी मुकुट दुसरा होता.
काका म्हणाले, इथंही मंडळं ट्रायल घेतात.

मग ती टेकडी.
राज्यातल्या प्रत्येक परगण्याची माती आणून रचलेली,
तिच्यावर राजा घोडा पिटाळत चढायचा
आणि तलवार फिरवायचा चारी दिशांना:
येईल तिकडून येऊ दे.
एकदा एक बाई चढली. तिलाही राजाच म्हणाले,
राणी म्हणायची सोय कायद्यात नव्हती.
मी हातातला खडा खाली ठेवला.
घोडा कसा बसली, मी विचारलं.
पिरोश्का हसली. शिकून घेतलं तिनं, म्हणाली.

पितळ कापलं, मिना म्हणून नेलपॉलिश, मोती भुलेश्वरचे.
सतरा दिवस लागले.
फक्त फोटोतला क्रूस कललेला होता,
तेवढा काकांनी रात्री जागून सरळ केला,
ओळंबा लावून.
साठ वर्षांत वाकडं काम दुकानाबाहेर गेलं नव्हतं.

ती आली. मुकुट फिरवून फिरवून बघितला.
साखळ्या वाजल्या. आणि गप्प झाली.
हा आमचा नाही, म्हणाली.

मग कळलं. कुणी म्हणतं पळवताना,
कुणी म्हणतं लपवताना,
घाईत पेटीचं झाकण दाबलं कुणीतरी,
नक्की कुणालाच माहीत नाही.
तो पिंपात लपवला गेला, रस्त्यावर चिखलात पडला,
दोनदा जमिनीत पुरला, समुद्रापार राहून आला.
सोनार त्यांच्याकडेही होतेच की.
कुणी सरळ केला नाही.

काकांनी चिमट्यानं वाकवून पाहिला.
मुद्दाम वाकवलेलं दिसायचं, नाटकातल्या लंगड्यासारखं.
पुन्हा सरळ. पुन्हा वाकडा. पितळ दमलं.
चहा गार झाला तिघांचाही.
शेवटी ते माळ्यावर चढले,
काकूंचा फराळाचा डबा काढला, दोन बोटं आखूड,
मुकुट आत ठेवला, डोळे मिटले
आणि झाकणावर बसले.

कट्, असा आवाज झाला.
गिरणी चालू होती तरी ऐकू आला.

पिरोश्कानं झाकण उघडलं,
बराच वेळ आत बघत राहिली.
बाहेर काढल्यावर एका साखळीला
चकलीचा तुकडा अडकलेला, तो तिनं खाल्ला.

बिल मी लिहिलं. कोवाच पिरोश्का, आडनाव आधी.
पितळ, खडे, मोती, मजुरी.
वाकवण्याचे किती लावू?
काका डब्याचं पोचलेलं झाकण अंगठ्यानं दाबत होते,
ते काही बसेना.
त्याचे नको, म्हणाले,
ते काम डब्यानं केलं.